तीन कुलपं

उरणच्या द्रोणागिरी वसाहतीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक लहानसं कार्यालय होतं. कंटेनर यार्डांचे आराखडे काढायचे, गेटपासची संगणक प्रणाली लिहायची आणि ती चालू ठेवायची, हे तिथलं काम. माणसं मोजकी. कार्यालय चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. यार्डात उतरून मापं घेणारा सर्वेक्षक मोरा कोळीवाड्यातला. तो सगळ्यांचा दादूस. आणि नुकतीच पदविका घेऊन आलेली जासईची मुलगी ही कार्यालयाची धाकटी. हुशार, चटपटीत, आणि हाती घेतलेलं काम त्याच दिवशी संपवायची घाई असलेली.

फेब्रुवारीचे दिवस होते. नाशिककडची द्राक्षं थंड कंटेनरांत भरून न्हावा-शेवा बंदराकडे येत होती. असा कंटेनर बोटीवर चढेपर्यंत यार्डात विजेला जोडून ठेवावा लागतो. आतलं तापमान शून्य अंशाच्या आसपास टिकलं नाही, तर बागाईतदाराची वर्षाची मेहनत तिथेच नासते. हंगाम भरात आला की प्रत्येक यार्डाला थंड कंटेनरांसाठी आणखी प्लग हवे असतात. प्लग म्हणजे केबल, केबल म्हणजे जमिनीत चर, आणि चर खणायचा तर आधी आराखडा. त्यामुळे कार्यालयात कामाची झुंबड उडाली होती.

कामाची प्रत्येक फाइल तिथे व्हर्जन कंट्रोलमध्ये ठेवली जाई. प्रोग्रॅम गिटमध्ये, आराखडे एसव्हीएनमध्ये. कोणी, कधी, काय बदललं याचा हिशेब त्यामुळे राहतो, आणि चुकलं तर कालच्या प्रतीवर परत जाता येतं. या प्रणाल्यांमध्ये कधीकधी कुलूप आडवं येतं. फाइल समोर दिसत असते, पण प्रणाली म्हणते, हात लावू नका, ती आत्ता कुणाच्या तरी ताब्यात आहे. धाकटीला अशी तीन कुलपं आडवी आली. त्यांचीच ही गोष्ट.

पहिलं कुलूप गिटचं. एका दुपारी लाईट गेली. यूपीएसची बॅटरी थकलेली. धाकटी कमिट करत असतानाच, म्हणजे केलेला बदल प्रणालीत नोंदवत असतानाच, मशीन बंद पडलं. लाईट आल्यावर तिने पुन्हा कमिट करायला घेतलं, तर गिटने साफ नकार दिला. ‘इंडेक्स.लॉक’ नावाची फाइल तयार करता येत नाही, कारण ती आधीच तिथे आहे, असा संदेश आला.

ही फाइल गिट स्वतःच बनवतं. ‘इंडेक्स’ या आपल्या यादीत बदल करायचा झाला की ते खऱ्या यादीला हात लावत नाही. शेजारी ‘.लॉक’ शेपूट असलेली नवी फाइल तयार करून सगळं आधी तिच्यात लिहितं, आणि लिहून पूर्ण झालं की तिलाच यादीचं खरं नाव देतं. मधल्या वेळात दुसरं कुणी आलं तर ती फाइल बघून त्याने थांबावं, एवढाच तिचा अर्थ. काम अर्ध्यात मेलं तर फाइल मागे राहते, आणि तिच्या मागे कुणीच नसलं तरी ती सगळ्यांना थोपवून धरते.

धाकटीने ती फाइल पुसून टाकली. कमिट झालं. संदेशाचा उरलेला भाग तिने वाचलाच नव्हता. त्यात गिट सांगत होतं की या ठिकाणी दुसरी एखादी गिट प्रक्रिया चालू असावी. आधी सगळ्या प्रक्रिया बंद आहेत याची खात्री करा, मग पुन्हा प्रयत्न करा, आणि तरीही अडलं तरच फाइल हाताने काढा. मशीन नुकतंच सुरू झालं होतं, दुसरं काहीच चालू नव्हतं, म्हणून त्या दिवशी काही बिघडलं नाही. तिने ते तपासलं मात्र नव्हतं. काम झाल्याच्या आनंदात तिच्या मनाने एक नियम करून टाकला: कुलूप दिसलं की काढायचं.

दुसरं कुलूप आठवड्याभरात आलं. एका यार्डाच्या आराखड्यात शेवटच्या क्षणी बदल हवा होता. शीर्षकातला गेटचा क्रमांक बदलायचा आणि थंड कंटेनरांची एक रांग तीन मीटर पूर्वेला सरकवायची. पाच वाजेपर्यंत आराखडा पोचला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी येणारी खणणारी टोळी रिकामी बसणार होती. ताई पनवेलला कामासाठी गेल्या होत्या. धाकटीने फाइल उघडली, तर ती फक्त वाचण्यापुरती उघडली. ती ताब्यात घ्यायला गेली तर एसव्हीएन म्हणालं, या फायलीला आधीच कुलूप आहे, आणि पुढे ज्याने ते लावलं त्याचं नाव होतं. दादूसचं.

आराखड्यांच्या फायलींना कार्यालयाने मुद्दामच ‘नीड्स-लॉक’ ही खूण लावून ठेवली होती. तशी खूण असली की कुलूप घेईपर्यंत फाइल फक्त वाचण्यापुरती उघडते. दादूसने सकाळी नऊ वाजता कुलूप लावून साइटचा लॅपटॉप यार्डात नेला होता. कुलपाला त्याने चिठ्ठीही जोडली होती: पूर्व बाजूची मापं घेतोय, संध्याकाळपर्यंत. ती चिठ्ठी बघायला दोन क्लिक पुरले असते. धाकटीने ते केले नाहीत. एसव्हीएन वापरायच्या टॉर्टॉइजएसव्हीएन या प्रोग्रॅमच्या खिडकीत ‘स्टील द लॉक्स’ अशी चौकट असते, म्हणजे दुसऱ्याचं कुलूप हिसकावून आपल्या नावावर करायची सोय. तिने त्या चौकटीत टिक केली. आराखडा बदलला, कमिट केला, त्याची पीडीएफ काढून यार्डाकडे पाठवली. पावणेपाच वाजले होते. वेळेत काम झाल्याचं समाधान घेऊन ती घरी गेली.

दादूस सातला परतला. दिवसभर उन्हात फिरून त्याने पूर्व बाजूची जमीन केबल शोधणाऱ्या यंत्राने चाचपली होती, आणि कुठल्याच जुन्या नकाशात नसलेली एक जिवंत केबल त्याला सापडली होती. ती आराखड्यात नोंदवून तो कमिट करायला बसला, तर एसव्हीएनने नाकारलं. तुमचं कुलूप आता लागू नाही, आणि तुमच्याकडची प्रत जुनी झाली आहे. त्याने नवी प्रत उघडून पाहिली. थंड कंटेनरांची रांग पूर्वेला सरकली होती. तिच्यासाठी आखलेला चर बरोबर त्या केबलवरून जात होता.

त्याने यार्डात फोन लावले. रात्रीच्या पाळीत या कामाचं माहीतगार कुणी नव्हतं. सकाळी उजाडताच तो यार्डात पोचला तेव्हा फक्कीने आखलेली पांढरी रेघ जमिनीवर होती आणि जेसीबी तिच्या टोकाशी उभा होता. दादूसने जेसीबीसमोर उभं राहून काम थांबवलं. कुणाला इजा झाली नाही.

कार्यालयात आल्यावर त्याने आवाज चढवला नाही. धाकटीच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला.

“कुलपावर माझं नाव दिसलं होतं तुला?”

“दिसलं होतं, दादूस.”

“मग मला हाक का नाही मारलीस?”

तिच्याकडे उत्तर नव्हतं. घाई होती, हे काही उत्तर नव्हे, हे तिला त्या क्षणी कळलं. मग दोघांनी मिळून दोन्ही प्रती शेजारी शेजारी लावल्या आणि दुपारपर्यंत एकेक रेघ हाताने जुळवली. आराखड्याच्या फायली संगणकाला आपसूक एकत्र करता येत नाहीत. दोघांनी दोन ठिकाणी बदल केले की एकाचं काम पुन्हा करावंच लागतं.

दुपारी ताई तिच्याजवळ आल्या. ताई या धंद्यात जुन्या. त्यांनी तिला कुलपांचा इतिहास सांगितला, तोही तिने समजून घ्यावं म्हणून, बोलणी बसावीत म्हणून नव्हे.

“फायलींच्या आवृत्त्या सांभाळायची पहिली नावाजलेली प्रणाली १९७२ साली बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी लिहिली. मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस बनवलं. त्यात रीत अशी की एका वेळी एकाने फाइल ताब्यात घ्यायची, बाकीच्यांनी थांबायचं. पुढे ॲमस्टरडॅमला डिक ग्रुन नावाचे प्राध्यापक आणि त्यांचे दोन विद्यार्थी एकच कंपायलर लिहीत होते. तिघांच्या कामाच्या वेळा तीन तऱ्हेच्या. एकाने फाइल अडवली की बाकीचे दोघे बसून राहणार. म्हणून ग्रुननी १९८६ मध्ये सीव्हीएस बनवलं. सगळ्यांनी आपापली प्रत घ्यायची, बदलायची आणि शेवटी ओळीला ओळ लावून एकत्र करायची.”

“म्हणजे कुलपाची गरजच संपली?” धाकटीने विचारलं.

“मजकुराच्या फायलींपुरती बरीचशी संपली. ओळी जुळवता येतात ना. पण नकाशा, चित्र, आवाज यांच्या ओळी कशा जुळवणार? सबव्हर्जन, म्हणजे आपलं एसव्हीएन, सुरुवातीला कुलपाशिवायच होतं. पण आराखडेवाल्यांचं, चित्रवाल्यांचं त्याशिवाय चालेना. म्हणून २००५ मध्ये १.२ या आवृत्तीत त्यांना कुलूप आणावं लागलं. गिटही त्याच वर्षीचं. त्यातही मोठ्या फायलींसाठी पुढे कुलपाची सोय झाली. ज्यांनी कुलूप वगळलं होतं त्यांनीच ते परत बसवलं, याचा अर्थ लक्षात घे. हिसकावायची चौकट त्यांनी ठेवली आहे, कारण माणूस नोकरी सोडून जातो, लॅपटॉप चोरीला जातो, आणि तेव्हा फाइल कायमची अडून राहता कामा नये. ती चौकट त्या वेळेसाठी आहे.”

त्या रात्री धाकटीने जेवताना घरी सगळं सांगितलं. तिचे बाबा बंदरातल्या क्रेनच्या दुरुस्तीवर इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी हात धुतले, खुंटीवरची कामाची पिशवी काढली आणि तिच्यातून एक लाल कुलूप आणि एक जाड प्लास्टिकची चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. चिठ्ठीवर त्यांचं नाव, फोन नंबर, आणि मार्करने लिहून पुसून झालेल्या तारखांच्या पुसट खुणा होत्या. कुलपाच्या बाजूला रंगाने घातलेला क्रमांक घासून अर्धा गेला होता.

“ह्या कुलपाला दोन चाव्या नाय,” ते म्हणाले. “एकच हाय. ती माझ्या खिशात.”

मग त्यांनी तिला त्यांच्या कामाची रीत सांगितली. क्रेनवर चढायच्या आधी खालच्या खोलीत जाऊन तिचा मुख्य स्विच बंद करायचा. बंद स्विचला सहा भोकांची लोखंडी पट्टी अडकवायची. त्या दिवशी क्रेनवर जितकी माणसं चढणार, तितकी कुलपं त्या पट्टीत पडणार. फोरमनने सगळ्यांच्या वतीने एक कुलूप लावलेलं चालत नाही. काम संपवून जो खाली येईल त्याने स्वतःच्या हाताने आपलं कुलूप काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच वर जाऊच शकत नाही.

“कुलूप हाय याचा अर्थ काय? वरती कोनतरी हाय. त्याचा हात तारेवर हाय.” ते थांबले. “कुलूप आपला नाय, तर त्याला हात लावाचा नाय.”

“आणि कुणी कुलूप विसरून घरी गेला तर?”

“गेला होता एकदा.” पाळी संपली होती, बोट धक्क्याला लागलेली, क्रेन हवी होती, आणि पट्टीत एक कुलूप तसंच लटकत होतं. कापायला कटर हाताशी होता. पाळीच्या प्रमुखाने कुणालाच हात लावू दिला नाही. आधी गेटवरची नोंद पाहिली: माणूस बाहेर पडलाय का? तरीही दोघांना टॉर्च घेऊन क्रेनच्या माथ्यापर्यंत पाठवलं. मग त्याच्या घरी फोन केला. तो लागला नाही, तेव्हा दोन माणसांच्या सह्या घेऊन कुलूप कापलं. आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस कामावर आला, तेव्हा त्याने पिशवी खाली ठेवायच्या आत प्रमुखाने स्वतः गेटवर जाऊन त्याला सांगितलं की तुझं कुलूप आम्ही कापलं. “नायतर त्याला वाटला असता, स्विच अजून बंद हाय. तो सरळ वर चढला असता.”

ही रीत एकट्या त्या बंदराची नाही. जगभरच्या कारखान्यांत ती पाळली जाते. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने १९८९ मध्ये तिचा कायदेशीर नियम केला आणि दुसऱ्याचं कुलूप काढायच्या आधीच्या अटी त्यात घातल्या. तो माणूस आवारात नाही याची खात्री करायची. त्याला गाठायचा मनापासून प्रयत्न करायचा. आणि तो पुन्हा कामाला लागण्याआधी त्याला कळवायचं.

धाकटी ऐकत होती. बाबांनी कुलूप पिशवीत ठेवलं आणि शेवटी म्हणाले. “इचारल्याशिवाय घेनं काय असतं, ते आपल्या गावात तरी कुनी शिकवाला नको.”

जासईच्या मुलीला त्याचा अर्थ उलगडून सांगावा लागला नाही. नवी मुंबई आणि बंदर उभं करण्यासाठी या पट्ट्यातल्या शेतजमिनी आणि मिठागरं घेतली गेली, तेव्हा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी, कोळी शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व त्या रक्तातून आलं. दरवर्षी जानेवारीत जासईत त्या हुतात्म्यांना अभिवादन होतं आणि धाकटी लहानपणापासून तिथे जात आली होती. समोर हजर नसलेल्या माणसाचा हक्क असतोच, हे तिला ठाऊक होतं. आपल्या रोजच्या कामातही ते लागू आहे, हे तिला त्या रात्री समजलं.

तिसरं कुलूप काही आठवड्यांनी आलं. सकाळी नऊलाच यार्डातून निरोप आला की पावसाळी नाल्यांचा आराखडा आजच हवा. फायलीला कुलूप होतं आणि नाव पुन्हा दादूसचं. दादूस कार्यालयात नव्हता, फोन बंद. पेणहून नव्याने आलेला शिकाऊ मुलगा धाकटीच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होता.

“इथे चौकट आहे बघा. टिक केली की झालं.”

“थांब,” ती म्हणाली. “आधी माणूस शोधू.”

तिने फायलीची माहिती काढली. कुलूप कालच्या संध्याकाळी सहाचं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं: नाल्यांची मापं भरतोय, उद्या सकाळी कमिट. म्हणजे काम अर्ध्यावर होतं, आणि ते कुठेतरी होतं. मग तिने एसव्हीएनला सर्व्हरशी ताडून फायलींची स्थिती विचारली. या यादीत फायलीपुढे एक अक्षर येतं. ‘के’ म्हणजे कुलूप याच प्रतीत आहे, ‘ओ’ म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी प्रतीत, ‘टी’ म्हणजे आपलं कुलूप कुणी हिसकावलं, ‘बी’ म्हणजे ते मोडलं गेलं. तिच्या मशीनवर ‘ओ’ आलं. म्हणजे चावी दुसऱ्या प्रतीत होती. साइटचा लॅपटॉप कपाटात सापडला.

ती शिकाऊ मुलाला म्हणाली, “तू लॅपटॉप चार्जिंगला लाव. मी येईपर्यंत उघडू नकोस.” आणि रिक्षा करून मोऱ्याला गेली. कोळीवाड्यात दादूसचा मोठा भाऊ ओट्यावर जाळं सांधत बसला होता. त्याच्याकडून कळलं की रात्री दादूसच्या बायकोला कळा सुरू झाल्या, तेव्हापासून दादूस पनवेलच्या दवाखान्यात आहे, आणि त्याचा फोन घरीच राहिलाय. भावाने तिच्या आईच्या फोनवर निरोप दिला. अर्ध्या तासात दादूसचा फोन आला.

“मुलगी झाली,” तो आधी म्हणाला. मग कामाचं बोलला. “कुलूप हिसकावू नका. लॅपटॉपवरची मापं अजून कमिट झालेली नाहीत. निघायची घाई झाली, अपडेट चालू असतानाच झाकण मिटलं मी. मापं पूर्ण भरली आहेत. तुम्हीच तिथून कमिट करा.”

कार्यालयात परतल्यावर धाकटीने ताईंच्या समोर लॅपटॉप उघडला. एसव्हीएन म्हणालं, ही कार्यप्रत कुलूपबंद आहे, ‘क्लीनअप’ चालवा. शिकाऊ मुलगा गोंधळला. “आता हे कुणाचं कुलूप?”

“हे याच लॅपटॉपचं,” धाकटीने सांगितलं. “सर्व्हरवरचं कुलूप माणसाचं असतं. हे आतलं कुलूप एसव्हीएन स्वतःच काम करताना आपल्या प्रतीला लावतं. काय करणार आहे ते आधी डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं, मग करतं. मध्येच बंद पडलं तर कुलूप राहतं. क्लीनअप ते अर्धवट काम निस्तरतं आणि कुलूप काढतं. संदेश सारखे वाटले तरी कुलूप कुणाचं हे दर वेळी बघावं लागतं.”

कर्सर क्लीनअपवर गेला, पण तिने क्लिक केलं नाही. आधी टास्क मॅनेजर उघडून पाहिलं, एसव्हीएनची कुठली प्रक्रिया अजून चालू तर नाही ना. आराखड्याचा प्रोग्रॅम बंद आहे ना, तेही पाहिलं. मग संपूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि ती प्रत उघडून दादूसची मापं तिच्यात दिसतात याची खात्री केली. त्यानंतर क्लीनअपची खिडकी उघडली. टॉर्टॉइजच्या त्या खिडकीत एकाखाली एक चौकटी असतात. शिकाऊ मुलाने उत्साहाने बोट दाखवलं. “सगळ्यांवर टिक करूया, म्हणजे एकदम स्वच्छ होईल.”

“नीट वाच,” ती म्हणाली. त्यातली एक चौकट सगळे बदल मागे घेण्याची होती आणि एक नोंद नसलेल्या फायली पुसण्याची. पहिली टिक झाली असती तर दादूसची मापं पुसली गेली असती. दुसरीने यार्डात काढलेले, अजून नोंद न झालेले फोटो गेले असते. तिने फक्त कार्यप्रतीची स्थिती साफ करण्याची आणि तिचं आतलं कुलूप काढण्याची अशा दोनच चौकटी ठेवल्या आणि ओके केलं. क्षणभरात कुलूप निघालं. फायलीपुढे ‘के’ हे अक्षर आलं, आणि बदल झाल्याची खूणही. दादूसचं कुलूप इथे होतं, त्याच्या कामासकट.

तिने ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली. कमिटच्या नोंदीत धाकटीने लिहिलं की ही मापं दादूसची, त्याच्या फोनवरच्या सांगण्यावरून ताईंच्या समोर कमिट केली. कमिट झालं आणि सर्व्हरवरचं कुलूप आपोआप सुटलं, कारण ते त्याच्याच प्रतीतून, त्याच्याच चावीने उघडलं होतं. दुपारी आराखडा यार्डात पोचला. संध्याकाळी तिने लॅपटॉपच्या झाकणावर कागद चिकटवला. काय केलं, केव्हा, जुनी प्रत कुठे ठेवली आहे, आणि काम सुरू करण्याआधी एकदा बोल, असं त्यावर लिहिलं होतं.

दादूस कामावर आला, तो पेढे घेऊन. कागद वाचून झाल्यावर तो म्हणाला, “फाइल मिळाली ते ठीकच. माझं काम तुझ्या हाती सुरक्षित आहे, हे कळलं. आता मी निर्धास्त यार्डात जाईन.” आणि त्या दिवसापासून त्यानेही एक रीत धरली. संध्याकाळी उठण्याआधी आपल्या नावावरची कुलपं बघायची, काम झालं असेल ते कमिट करायचं, आणि ज्याची गरज नाही ते कुलूप सोडून द्यायचं. क्रेनवरून उतरणाऱ्याने आपलं कुलूप काढलं नाही, तर खाली उभा असलेल्याचा खोळंबा होतो, हेही तितकंच खरं.

शिकाऊ मुलाने ही रीत लिहून काढली आणि ताईंनी ती कार्यालयात लावली. कुलूप कुणाचं, कधीचं आणि कशासाठी, हे आधी वाचा. त्यामागे माणूस किंवा चालू काम आहे का, ते बघा. माणूस असेल तर त्याला गाठा. फोन लागला नाही म्हणजे शोध संपला असं समजू नका. कामाची प्रत बाजूला ठेवल्याशिवाय काहीही साफ करू नका. कुणीच सापडत नसेल आणि तोडण्यावाचून इलाज नसेल, तर साक्षीदारासमोर तोडा, नोंद करा, आणि तो माणूस परतताच सगळ्यात आधी त्याला सांगा.

बोध: कुलूप हे हजर नसलेल्या माणसाचं म्हणणं असतं. ते मोडायची ताकद प्रत्येकाच्या बोटात असते, पण त्यामागचा माणूस शोधायला थोडा वेळ आणि पुष्कळ आस्था लागते. जो आधी हाक मारतो त्याला बहुतेक वेळा मोडावं लागत नाही, चावीच मिळते. आणि ज्याला आपल्या कुलपाचा मान राखला जावा असं वाटतं, त्याने काम संपताच ते स्वतःच्या हाताने काढून जावं.